आमटी, कढण, अळणी : निववावी कशी आणि गोठवावी कशी



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि ठिबक यांवर लिहावे, आमटीवर लिहू नये, असा आजवरचा रिवाज आहे. या अंकात तो थोडा बाजूला ठेवतो आहे. त्याला कारणही तसेच आहे. गळीत हंगामात टोळी रानात आली की घरातली बाया-माणसे सगळी फडावर असतात. वाढे गोळा करायचे, गाडीला वाट करून द्यायची, मागे पाण्याची पाळी द्यायची. अशा दिवसांत रोज तीनदा चूल पेटवणे होत नाही. मग एकदाच मोठे पातेले चढवायचे आणि दोन दिवस पुरवायचे, ही घरोघरची रीत. यात्रा, वास्तुशांत, बारसे असले की तर डेगच चढते, आणि दुसऱ्या दिवशी "एवढा रस्सा उरलाय, आता काय करायचं?" हा प्रश्न येतोच.

पूर्वी फ्रिज नव्हता, म्हणून उरलेले तेव्हाच वाटून टाकत. आता बहुतेक घरांत फ्रिज आहे. पण फ्रिज आला, फ्रिजची रीत मात्र आली नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेले पातेले सकाळी फ्रिजमध्ये जाते, आणि आपण समजतो, आता ते सुरक्षित झाले. तसे होत नाही. जे बिघडायचे ते रात्रीच बिघडलेले असते. पोटदुखी, जुलाब, उलट्या सुरू झाल्या की आपण पाण्याला दोष देतो, हवेला देतो. पातेल्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

म्हणून आमटी, कुळथाचे कढण, टोमॅटोचे सार, शेवग्याच्या शेंगांचे सूप, मटणाची अळणी, पायाचे सूप असे जे जे पातळ पदार्थ आपण जास्त प्रमाणात करतो, ते निववायचे कसे आणि गोठवून ठेवायचे कसे, याची माहिती येथे देत आहे.

तोडलेला ऊस आणि उतरवलेली आमटी

सभासदांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. उभ्या उसाला घाई नसते; तोडलेल्या उसाला असते. कोयता लागला की घड्याळ सुरू झाले. कांड्यातील साखरेचे विघटन होऊ लागते, तोडलेल्या टोकांतून जंतू आत शिरतात आणि साखर खाऊन चिकट बुळबुळीत पदार्थ तयार करतात. वजन घटते, उतारा घटतो. म्हणून तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असा आमचा आग्रह असतो.

आमटीचे तसेच आहे. ती चुलीवर रटरटत आहे तोवर घाई नाही. खाली उतरवली की घड्याळ सुरू झाले. फरक एवढाच, की उसाला २४ तास मिळतात, आमटीला त्याच्या पाव हिश्श्यानेच मिळतात.

उकळल्यावर जंतू मरत नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक जंतू उकळीत मरतात. पण काही जंतू मोठे चिवट. परिस्थिती वाईट आली की ते स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाच्या रूपात पडून राहतात. ही बीजे मातीत, धान्यात, मसाल्यात, मांसात असतात. उकळीत ती मरत नाहीत. उलट, उकळीने बाकीचे जंतू मेले की यांना रान मोकळे सापडते. तण भांगलून झाल्यावर लव्हाळा जोमाने उठतो, त्यातला प्रकार. आमटी कोमट झाली की ही बीजे उगवतात.

त्यांतील दोन जंतूंची नावे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. मटणाचा रस्सा, घट्ट डाळ, मोठ्या भांड्यात शिजवलेले काहीही, हे याचे आवडते ठिकाण. ४३ ते ४७ अंश सेल्सिअसला तो सर्वांत वेगाने वाढतो. एकदा वाढ सुरू झाली की साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. दहा मिनिटांनी दुप्पट म्हणजे तासात सहा वेळा दुप्पट आणि तीन तासांत अठरा वेळा. एकाचे किती होतात ते पोराला वहीत मांडायला सांगा. २,६२,१४४ येतील. असे अन्न खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत पोटात मुरडा येऊन जुलाब सुरू होतात.

दुसरा बॅसिलस सेरियस. हा भात, शेवया, पिठूळ पदार्थ यांत जास्त आढळतो. याचा एक प्रकार अन्नातच विष सोडतो, आणि ते विष नंतर कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या होतात.

येथे दोन गैरसमज गळून पडावेत. एक, "वास येत नाही म्हणजे चांगलं आहे." हे खरे नाही. आंबवणारे जंतू वेगळे आणि बाधा करणारे वेगळे. बाधा करणारे बहुधा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. दुसरा, "सकाळी पुन्हा उकळलं की झालं." हेही अर्धेच खरे. उकळीने वाढलेले जंतू मरतील, पण त्यांनी सोडलेले उष्णतेला न जुमानणारे विष राहील आणि बीजेही राहतील.

कोमटपणा हाच धोका

५ अंश सेल्सिअसच्या खाली जंतूंची वाढ फार मंद होते. ६० अंशांच्या वर ती थांबते. मधला जो पट्टा आहे, तो धोक्याचा. आपल्या शरीराची उष्णता ३७ अंश. म्हणजे बोट बुडवल्यावर जे सुखकर कोमट लागते, तेच जंतूंनाही सुखकर असते. या पट्ट्यातून आमटी लवकरात लवकर पार करायची, एवढीच सगळी विद्या आहे.

किती लवकर? हॉटेलांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जी अन्नसंहिता केली आहे, तिच्यात मोजमाप असे दिले आहे : ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत यावे, आणि तेथून ५ अंशांवर पुढील चार तासांत यावे. एकूण सहा तास. पहिल्या टप्प्याला वेळ कमी दिला आहे, कारण सर्वांत वेगाची वाढ त्याच टप्प्यात होते.

आता आपल्याकडचा विचार करा. एप्रिल-मे महिन्यात घरातली हवाच ३५ अंशांच्या वर असते. अशा हवेत ओट्यावर ठेवलेली आमटी २१ अंशांवर येणार कशी? रात्र सरली तरी यायची नाही. थंडीच्या दिवसांतही दहा-पंधरा लिटरच्या पातेल्याचा मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो. वरून गार लागते, पळी खोल घातली की वाफ निघते. "आपोआप निवू दे" हे वाटीभर आमटीला ठीक आहे, डेगेला नाही.

निववण्याची रीत

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रीत पटकन कळेल. काहील उतरली की पाक तसाच काहिलीत ठेवत नाहीत. तो वाफ्यात पसरून ओततात आणि हलवत राहतात. कारखान्यातही पॅनमधून पडलेले घट्ट मॅसेक्विट निववायचे असले की क्रिस्टलायझरमध्ये ते सारखे ढवळत ठेवतात आणि बाजूने थंड पाणी फिरवतात. पसरणे, ढवळणे, बाहेरून पाणी, या तीन गोष्टी घरातही करायच्या आहेत.

१) भांडे बदला. चुलीवरून उतरवलेले पातेले गरम आणि जाड असते. आमटी लगेच दोन-तीन लहान, रुंद भांड्यांत काढा. थर दोन इंचांपेक्षा जास्त नसावा. परात, पसरट डबे, रुंद तपेली चालतील. पिठले, घट्ट वरण अशा पदार्थांत थराची जाडी दुप्पट झाली तर निवायला दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागतो, हे ध्यानात असू द्या.

२) धातूचे भांडे घ्या. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर सोडते; प्लास्टिक धरून ठेवते. मात्र टोमॅटो, चिंच, कोकम यांचे आंबट सार अ‍ॅल्युमिनियममध्ये साठवू नये, स्टील घ्यावे.

३) ती भांडी पाण्यात ठेवा. घमेल्यात किंवा टबमध्ये विहिरीचे वा बोअरचे गार पाणी घ्या. बाहेरील पाण्याची पातळी आतील आमटीच्या पातळीइतकी असावी, पण पाणी आत शिरता कामा नये.

४) दर पाच-दहा मिनिटांनी स्वच्छ पळीने तळापासून ढवळा. चव घेतलेली पळी पुन्हा आत घालू नका.

५) तवंग काढा. कट जाड असेल तर त्याखाली वाफ अडते आणि आमटी गरम राहते. कट वेगळ्या वाटीत काढून ठेवा, नंतर घाला.

६) निवताना घट्ट झाकण नको. जाळी किंवा धुतलेले पातळ फडके टाका, म्हणजे माशी बसणार नाही आणि वाफही निघेल. पूर्ण निवल्यावर झाकण घट्ट लावा.

पाण्याचे आणि बर्फाचे गणित

काही सभासद विचारतील, बर्फ लागणारच का? चला, हिशोब करू. आमटी बरीचशी पाणीच असते, म्हणून हिशोब पाण्याचाच धरला आहे.

दहा लिटर आमटी आहे, उष्णता ९० अंश. तिच्याभोवती २५ अंशांचे वीस लिटर पाणी ठेवले आणि ढवळले, तर दोन्ही मिळून साधारण ४७ अंशांवर येतील. ते पाणी ओतून दुसरे वीस लिटर घेतले की ३२ अंश. तिसरे घेतले की २७ अंश. पुढे कितीही पाणी बदलले तरी आमटी पाण्यापेक्षा गार होणार नाही. २५ अंशांवर गाडी थांबली.

आता बर्फ घ्या. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो, आणि त्याचे पाणी ५ अंशांवर येईपर्यंत आणखी ५. दहा लिटर आमटी २७ वरून ५ अंशांवर आणायला २२० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे तीन किलोच्या आत बर्फ. वाया जाणारा धरून चार किलो. तीच आमटी ९० अंशांवर असताना थेट बर्फात ठेवली असती तर दहा किलो बर्फ गेला असता. म्हणून आधी पाणी, मग बर्फ. बर्फात मूठभर नव्हे, भरपूर पाणी घाला. नुसते खडे भांड्याला सगळीकडून टेकत नाहीत. टबातले पाणी परसातल्या झाडांना जाऊ द्या.

बर्फ मिळत नसेल तर तीन पाण्यांनंतर आमटी लहान पसरट डब्यांत भरून लगेच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. थर पातळ असला तर बाकीचे काम फ्रिज करील.

आणखी एक युक्ती आहे. आमटी करतानाच पाणी कमी घालून ती दाट करायची, आणि उतरवल्यावर उरलेल्या पाण्याऐवजी बर्फ आत टाकायचा. पण हा बर्फ घरी, उकळून गार केलेल्या पाण्याचाच केलेला हवा. बाजारातली लादी माशांसाठी आणि मालासाठी असते. ती भांड्याबाहेरच ठेवावी, आत कधीही टाकू नये.

"गरम ठेवलं की फ्रिज बिघडतो"

या समजुतीपायी आमटी रात्रभर बाहेर राहते. यात खरे किती ते पाहू. उकळते दहा लिटरचे पातेले फ्रिजमध्ये ठेवू नये, हे बरोबर. घरगुती फ्रिज तेवढी उष्णता लवकर बाहेर काढू शकत नाही. आतले दूध, दही, लोणी गरम होते आणि पातेल्याचा मधला भाग तरी कोमटच राहतो. पण पाण्यात निववलेला लिटरभराचा डबा किंचित कोमट असला तरी ठेवायला हरकत नाही. डब्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, हवा फिरू द्या, एकावर एक रचू नका. कच्चे मटण-मासे नेहमी खालच्या बाजूला आणि शिजलेले वर, म्हणजे कच्च्याचे पाणी शिजलेल्यात गळणार नाही.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ५ अंशांच्या खाली, आमटी किंवा रस्सा तीन ते चार दिवस ठीक राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर पहिल्याच दिवशी गोठवावा. चौथ्या दिवशी आठवण झाली म्हणून गोठवणे म्हणजे जळीत उसाला उशिरा गाडी पाठवण्यासारखे आहे.

गोठवताना

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते झोपतात. जेवढे आत गेले तेवढे बाहेर येतात. म्हणून निववण्यात कुचराई केली तर गोठवणीने भरून निघत नाही.

गोठवणीसाठी उणे १८ अंश ही उष्णता मानली जाते. वेगळा डीप फ्रीझर किंवा दोन दारांच्या फ्रिजचा स्वतंत्र वरचा कप्पा असेल तर ती मिळते. त्यात आमटी, कढण, अळणी दोन ते तीन महिने चवीला चांगली राहते. एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाच्या लहान कप्प्यावर एवढा भरवसा ठेवू नये. दार उघडले की तोही तापतो. तेथील जिन्नस महिन्याच्या आत संपवावा, आणि एका दिवसात लिटरभरापेक्षा जास्त नवीन माल त्यात घालू नये.

भरण्याच्या वेळी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१) एका जेवणाला लागेल तेवढाच डबा करा. चार माणसांना लिटरभर पुरते. पाच लिटरचा एकच डबा केला तर सगळाच वितळवावा लागतो.

२) डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते. वर बोटभर जागा सोडा. काचेची बरणी टाळा; तडकली तर आमटीबरोबर काचही पोटात जायची.

३) जाड, खाण्यासाठीच केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरायच्या असतील तर आमटी पूर्ण गार झाल्यावरच भरा, हवा काढून टाका आणि ताटात आडव्या ठेवून गोठवा. चपट्या पिशव्या लवकर गोठतात, जागा कमी घेतात. गोठल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या लावा.

४) औषधांचे, खतांचे, तणनाशकांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी अन्नासाठी वापरायचे नाहीत. हे येथे मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्या घरांत असे डबे असतात आणि दिसायला चांगले असतात.

५) डब्यावर चिकटपट्टी लावून पदार्थ आणि तारीख लिहा. गोठल्यावर सार कोणते आणि कट कोणता हे कळत नाही. आधी आलेला आधी बाहेर, हा नियम ठेवा.

६) लहान मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी अळणी किंवा कढण बर्फाच्या साच्यात गोठवावे. खडे सुटे करून डब्यात ठेवले की दोन-चार काढून घेता येतात.

सावकाश गोठवले की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पटकन गोठवले की बारीक. साखरेत आपल्याला मोठा दाणा आवडतो; आमटीत मोठा दाणा नको. मोठे स्फटिक भाजीच्या पेशी फाडतात आणि वितळल्यावर भाजी लगदा होते. म्हणूनही डबा लहान आणि चपटा असावा.

काय गोठते, काय गोठत नाही

चांगले गोठणारे : तुरीची, मसुराची, मटकीची आमटी, कटाची आमटी, कुळथाचे कढण, मटणाची अळणी आणि पायाचे सूप, टोमॅटोचे साधे सार, गाळलेले शेवग्याचे सूप, वाटण घातलेला तांबडा रस्सा.

न गोठवावे : कढी आणि ताकाचे पदार्थ, कारण ते फुटतात. नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा आणि सोलकढी, यांत पाणी व स्निग्ध अंश वेगळे होतात. बटाटा भुसभुशीत होतो, उकडलेले अंडे रबरासारखे होते, भात-शेवया पाणी पिऊन फुगतात. यावर उपाय सोपा आहे. पांढऱ्या रश्शासाठी अळणी तेवढी गोठवायची आणि नारळाचे दूध खाण्याच्या दिवशी घालायचे. बटाटा, भात, कोथिंबीर, हिरवी फोडणी, सगळे त्या दिवशी. मीठही बेताने घालून ठेवावे, गरम करताना आटून खारट होते.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये. गरम आमटी बरणीत भरून, झाकण घट्ट लावून, फडताळात महिनोन् महिने ठेवण्याचे प्रकार काही जण करून पाहतात. हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या एका जंतूचे विष, बोट्युलिनम, माणसाच्या जिवावर बेतते. लोणच्याला आंबटपणा, तेल-मिठाचा मारा असतो, आमटीला नसतो. आमटी एकतर गरम, नाहीतर गार. मधे आणि बाहेर नाही.

वीज गेली तर

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. वीज गेली की पहिले काम, दार उघडायचे नाही. दार बंद असेल तर फ्रिजचा खालचा कप्पा साधारण चार तास गार राहतो. स्वतंत्र डीप फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस तग धरतो. बर्फाचा लहान कप्पा एवढा टिकत नाही.

आपण गावाला गेलो असताना वीज किती वेळ गेली होती, हे कसे कळणार? एका वाटीत पाणी गोठवा, त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि वाटी तेथेच असू द्या. परत आल्यावर नाणे वरच असेल तर माल वितळला नव्हता. नाणे तळाशी जाऊन पुन्हा गोठले असेल, तर मधल्या काळात सगळे वितळून गेले होते असे समजून माल टाकून द्यावा. डब्यात अजून बर्फाचे खडे असतील तर पुन्हा गोठवले तरी चालते. चव थोडी उतरेल. पूर्ण वितळून कोमट झाले असेल तर खाऊ नये, गुरांनाही घालू नये.

पुन्हा गरम करताना

आदल्या रात्री डबा वरून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. सकाळपर्यंत मोकळा होतो. घाई असेल तर डबा गार पाण्यात धरून कडा सुटल्या की गोळा पातेल्यात टाकावा, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ठेवावा. सकाळी ओट्यावर काढून ठेवून रानात जायचे आणि दुपारी येऊन गरम करायचे, हे नको. तो पुन्हा तोच कोमट पट्टा.

गरम करायचे म्हणजे कडेला बुडबुडे येईपर्यंत नव्हे. मधोमध खळखळून उकळी फुटली पाहिजे आणि ढवळून दोन-तीन मिनिटे राहिली पाहिजे. लागेल तेवढेच गरम करावे. एकदा गरम केलेले उरले तर पुन्हा गोठवू नये.

टोळीच्या कोपीवर

आता जे लिहितो ते जरा मनावर घेऊन वाचावे. घरचे कार्य झाले, रस्सा उरला, की "टोळीला देऊ" असे आपण म्हणतो. देण्याची भावना चांगलीच आहे. पण देण्याची वेळ बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळची असते, घरातल्यांनी "आपल्याला नको" म्हटल्यानंतरची. कोपीवर फ्रिज नाही. पहाटे काळोखात उठून फडात गेलेल्या माणसांना ते गरम करायलाही सवड नसते. मोळ्या गाडीत भरता भरता दुपार होते. तोवर ते पातेले कोपीच्या दारात उन्हात असते, आणि त्यातले आधी खातात कोण, तर मागे राहिलेली लहान मुले.

मूल आजारी पडले की आई फडात येत नाही, म्हणजे कोयता बंद. दवाखाना तालुक्याला. उचल घेतलेल्या माणसाला एक दिवस बुडणे परवडत नाही, म्हणून तो अंगावर काढतो. आपली तोड थांबते ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट आहे.

म्हणून द्यायचे असेल तर त्याच रात्री, पंगत उठताच, गरम असतानाच द्यावे. त्या रात्री जमले नाही तर नीट निववून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोळी कोपीवर परतल्यावर खळखळून उकळून, खाण्याच्या वेळी द्यावे. जे आपल्या पोराला द्यायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या पोराला देऊ नये, एवढा साधा नियम पुरे आहे.

बाधा झालीच तर

जुलाब-उलट्यांत शरीरातले पाणी आणि मीठ जाते; खरा धोका त्याचा असतो. आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी घरात आणि मुकादमाजवळही ठेवावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावे. साखर यात गोडीसाठी नाही. आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी अंगात शोषले जाते. माप मात्र वाढवू नये. जास्त साखरेने जुलाब वाढतात, जास्त मिठाने अपाय होतो. तान्हे मूल असेल, गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस असेल, शौचात रक्त असेल, ताप चढत असेल, लघवी थांबली असेल किंवा दिसायला-गिळायला त्रास होत असेल, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

थोडक्यात

आमटी उतरवली की घड्याळ पाहावे. दोन इंचांचे थर करावेत. तीन वेळा पाणी बदलावे, मग बर्फ किंवा फ्रिज. लहान डबे, वर बोटभर जागा, तारखेची चिठ्ठी. फ्रिजमध्ये चार दिवस, गोठवून दोन-तीन महिने. खाताना खळखळून उकळी, आणि एकदाच.

हे पान फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावे आणि घरात स्वयंपाक जो कोणी करतो त्याला वाचून दाखवावे. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर नेहमीप्रमाणे लिहीन. तोवर तोडणी प्रोग्रामबद्दल काही अडचण असल्यास आपापल्या गट ऑफिसशी संपर्क साधावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग